पहिला आरटीए घेताना आधी डेकवरचे स्क्रू बघा : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आरटीए म्हणजे ई-सिगारेटचा असा टँक, ज्यात लिक्विड तापवणारी वायरची कॉइल आणि लिक्विड शोषणारा कापूस आपणच बसवायचा. कॉइल जिथे बसते त्या तळाला डेक म्हणतात. माझ्या डेकवरच्या एका स्क्रूची पेचकस बसायची चीर गेली आणि दुकानाने हात वर केले. त्या भांडणाचा निकाल नुकताच लागला, म्हणून हा रिव्ह्यू आत्ता लिहितोय. टँक तसा साधाच आहे: २२ मिमी, एका कॉइलचा, एमटीएल (सिगारेटसारखा झुरका, आधी तोंडात मग छातीत), हवा खालून, वरून भरायचा, २ मि.लि.चा. मी लेस्टरला राहतो, इथल्याच एका ऑनलाइन दुकानातून तीसेक पौंडांना घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. हाच डेक थोडाफार फेरफार करून तीन-चार नावांनी विकला जातो आणि मला जे सांगायचंय ते रचनेबद्दलचं आहे.

आधी पैशांचं, कारण या वाटेला मी पैशांसाठीच आलो. सिगारेट सोडून वापरून फेकायच्या डिस्पोजेबल ई-सिगारेटवर आलो होतो. १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये त्यांची विक्री बंद झाली तेव्हा पॉड (बदलत्या काडतुसाची छोटी ई-सिगारेट) घेतला, मग तयार कॉइलचा छोटा टँक. तयार कॉइलचं पाचचं पाकीट दहा ते पंधरा पौंडांना पडतं. गोड फ्लेवर असेल तर एक कॉइल आठवडाभरात करपते, कारण त्यातलं सुक्रालोज वायरवर काळं होऊन बसतं. म्हणजे महिन्याला एक पाकीट, काही महिने त्याहून जास्त. याउलट २८ गेज कँथलचं (कॉइलच्या वायरचा मिश्रधातू) दहा मीटरचं रीळ साधारण पाच पौंडांना मिळतं. एका कॉइलला सहा-साडेसहा सेंटिमीटर वायर लागते. एका रिळात दीडशे कॉइल, म्हणजे कॉइलला तीन पेन्स. वर कापूस, तोही वर्षभर पुरतो. हा हिशोब पाहिल्यावर तयार कॉइल विकत घेणं मला सहनच होईना.

दुसरा हिशोब लिक्विडचा, आणि नव्याने घेणाऱ्याने तो आधी करावा असं माझं ठाम मत आहे. यूट्यूबवर ज्या मोठमोठ्या दोन कॉइलच्या टँकची स्तुती चालते, ते सत्तर-ऐंशी वॉटवर चालतात आणि दिवसाला दहा मि.लि. सहज पितात. माझी सहा वेढ्यांची, अडीच मिमीवर वळलेली कॉइल एक ओहमच्या आसपास येते. १३ वॉटवर मस्त चालते आणि दिवसभरात तीन मि.लि.च्या पुढे क्वचितच जाते. सिगारेटवरून आलेल्या माणसाला झुरकाही असाच लागतो, आधी तोंडात आणि मग आत. त्यात ब्रिटिश सरकारने १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मि.लि.मागे २.२० पौंड कर लावायचं ठरवलंय, त्यावर पुन्हा व्हॅट. निकोटिन नसलेल्या लिक्विडलाही तो लागू आहे. म्हणजे १०० मि.लि.च्या शॉर्टफिलवर (बिननिकोटिन लिक्विडची मोठी बाटली, निकोटिन वरून घालायचं) व्हॅटसकट सव्वीस पौंड चाळीस पेन्स नुसता कर. ढगांचा शौक करायचा असेल त्याने करावा. पण पहिला आरटीए म्हणून माझ्या मते एमटीएलच घ्यावा.

आता स्क्रू.

डेक म्हणजे दोन छोटे खांब, प्रत्येकाला एक स्क्रू. कॉइलचा एकेक पाय त्या स्क्रूच्या डोक्याखाली जातो. २८ गेजची वायर ०.३२ मिमी जाडीची, केसापेक्षा जाड पण शिवणाच्या सुईपेक्षा बारीक. तिची दिशा महत्त्वाची: पाय स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरला पाहिजे. मग स्क्रू आवळताना वायर आत ओढली जाते. उलट्या दिशेने घातली तर स्क्रू तिला बाहेर ढकलतो आणि बसलेली कॉइल तिरकी होते. इथवर कुठलाही व्हिडिओ सांगतो. कुणी न सांगितलेली गोष्ट अशी की वायर तापते, थंड होते, पुन्हा तापते, आणि डोक्याखालची पकड हळूहळू सैल पडते. मॉडच्या, म्हणजे टँकखालच्या बॅटरीच्या पेटीच्या, स्क्रीनवर सकाळी १.०५ ओहम दिसतात, दुपारी १.१८, संध्याकाळी १.३. चव उतरते, वाफ कमी होते, वाटतं कापूस संपला. कापूस ठणठणीत असतो, फक्त स्क्रू पाव फेरी आवळायचा असतो.

आणि ही पाव फेरी परत परत आवळावी लागते. माझ्या टँकला मऊ धातूचे, उथळ चिरेचे, एकाच चपट्या पेचकसाने फिरणारे स्क्रू दिलेत. सोबत दिलेला पेचकस त्या चिरेपेक्षा अरुंद. प्रत्येक वेळी चिरेची कड जराशी खरवडली जाते आणि एक दिवस पेचकस नुसता गोल फिरतो. खाली वायर अडकलेली, स्क्रू निघत नाही, आवळतही नाही. तीस पौंडांचा टँक त्या क्षणी पेपरवेट होतो. एअरफ्लो रिंग (हवा कमी-जास्त करायची कडी), काच, ड्रिप टिप (तोंडात धरायचं टोक), सगळ्याची कारागिरी सुरेख. रिंग तर इतकी मऊ फिरते की कौतुक वाटतं. आणि ज्या एका भागाला रोज हात लावायचा, त्याच्यावर कंपनीने दोन पैसे वाचवलेत. याचा मला अजून राग येतो.

दुकानाला फोटोसकट मेल केला. उत्तर आलं: स्क्रू हे झिजणारे सुटे भाग आहेत, वॉरंटीत येत नाहीत, उत्पादकाशी संपर्क करा. उत्पादक चीनमध्ये. इथे राहणाऱ्या मराठी मंडळींना एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण आपण संकोचाने अशा ठिकाणी गप्प बसतो. कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ नुसार आपला करार दुकानाशी असतो, उत्पादकाशी नाही. घेतल्यापासून पहिल्या तीस दिवसांत सदोष वस्तू परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दोष निघाला, तर तो विक्रीच्या वेळीच होता असं कायदा धरून चालतो. तसं नव्हतं हे दुकानाने सिद्ध करायचं. दुरुस्त करून द्यायची किंवा बदलून द्यायची एक संधी त्यांना मिळते. तीही फसली तर पैसे परत मागा किंवा किंमत कमी करून घ्या. हे सगळं मी शांतपणे, कलमाचं नाव घेऊन लिहिलं. पुढचं उत्तर यायला वेळ लागला, मध्ये दोनदा आठवण करावी लागली, पण शेवटी नवा डेक पोस्टाने आला.

नव्या डेकवरही तेच स्क्रू. तेच मऊ, तीच उथळ चीर.

इथे मी दुकानाचा नाद सोडला आणि एम२ मापाच्या स्टेनलेस स्टीलच्या, चपट्या डोक्याच्या फिलिप्स स्क्रूंचं पाकीट मागवलं. टँकपेक्षा कितीतरी स्वस्त आणि आयुष्यभर पुरेल इतके. लांबी मात्र मूळ स्क्रूवर धरूनच घ्यायची. लांब झाला तर भोकाच्या तळाला टेकतो आणि वायरवर दाबच येत नाही. बिनडोक्याचे टोकदार ग्रब स्क्रू मी मुद्दाम टाळले. जाड वायरला ते चालतात, २८ गेजच्या पायाला मात्र कापून काढतात. नवे स्क्रू आणि एक नीट मापाचा पेचकस, एवढ्याने टँक बदलला. आता सकाळचा ओहम संध्याकाळी तोच असतो.

हे झाल्यावर बाकीच्या तक्रारींकडे नव्याने पाहिलं आणि दोन ठिकाणी माझं मत बदललं.

पहिलं गळतीबद्दल. सुरुवातीच्या आठवड्यांत मी सगळ्यांना सांगत होतो की खालून हवा घेणारे टँक गळतातच, वरून हवा घेणारा घ्या. गीकव्हेपच्या झ्यूससारखे वरच्या एअरफ्लोचे टँक याच कारणाने लोकप्रिय आहेत. त्यांच्यात हवेचं तोंड लिक्विडच्या पातळीच्या वर असतं, त्यामुळे लिक्विडला बाहेर पडायला सोपी वाट नसते. हे खरंच आहे. पण माझ्या टँकची गळती जवळजवळ सगळी कापसाची निघाली. निरांजनातली वात फार घट्ट वळली तर तेल चढत नाही, फार सैल असली तर तेलातच लोळते. इथेही अगदी तेच. कॉइलमधून कापूस ओढताना थोडा अडखळत सरकला पाहिजे, वायर वाकता कामा नये. कापसाची शेपटं डेकच्या कडेला तिरकी कापायची, टोकं पिंजून विरळ करायची आणि लिक्विडच्या खाचांत नुसती टेकवायची, कोंबायची नाहीत. कोंबलं तर करपट झुरका, आणि तो घसा दिवसभर विसरत नाही. खाच उघडी राहिली तर एअरफ्लोच्या भोकातून थेंब बाहेर. भरताना एअरफ्लो बंद करायचा, वरचं झाकण घट्ट लावून टँक क्षणभर उलटा धरायचा आणि मगच एअरफ्लो उघडायचा. यानंतर टिश्यू पेपर खिशात ठेवायची गरज उरली नाही.

दुसरं २ मि.लि.बद्दल. इथल्या २०१६ च्या नियमांमुळे टँक २ मि.लि.पेक्षा मोठा विकता येत नाही, निकोटिनवाली बाटली १० मि.लि.पेक्षा मोठी नाही, ताकद मि.लि.ला २० मि.ग्रॅ.पेक्षा जास्त नाही. सुरुवातीला या नियमाचा मला भयंकर वैताग होता. एमटीएलवर राहिल्यावर तो गेला. दिवसातून एकदा, फार तर दोनदा भरावं लागतं. आणि फ्लेवर नाही आवडला तर फेकायलाही थोडंच असतं. सत्तर वॉटच्या टँकवाल्याला हा नियम छळेल, मला आता जाणवतही नाही.

ज्यांना सुरुवातच नावाजलेल्या वस्तूने करायची असते, ते मला स्वोएमेस्टोच्या जर्मन कायफूनबद्दल किंवा हंगेरीच्या केएचडब्ल्यूच्या ड्वार्वबद्दल विचारतात. दोन्ही उत्तम घडणीचे म्हणून ओळखले जातात. पण कापूस किती घालायचा हे हाताला कळण्याआधी त्यावर तेवढे पैसे घालायचं कारण मला दिसत नाही. आणि त्यांच्या स्वस्त नकला घ्यायच्या तर पुन्हा स्क्रू आणि आट्यांचीच रडगाणी. मधल्या किमतीचा, एका कॉइलचा, सुटे भाग सहज मिळणारा टँक घ्या. घेण्याआधी डेकचा जवळून काढलेला फोटो शोधा, दुकान जवळ असेल तर उघडून बघा. स्क्रूचं डोकं मोठं आहे का, चीर खोल आहे का, वायर घालायला वाट मोकळी आहे का, खाचा रुंद आहेत का. ड्रिप टिपचा रंग नंतर.

मॉडबद्दल एकच, पण कळकळीने. कॉइल स्वतः बनवायची असेल तर नियंत्रित मॉडच वापरा, ओहम दाखवणारा आणि शॉर्ट झाला तर बंद पडणारा. मेकॅनिकल मॉडच्या (ज्यात असं संरक्षक सर्किटच नसतं) नादी नवशिक्याने अजिबात लागू नये. कॉइलचा पाय अर्धा मिमी जास्त राहून चिमणीच्या, म्हणजे टँकमधल्या वाफेच्या नळीच्या, भिंतीला लागला तर माझ्या मॉडवर फक्त सूचना येते, तिथे तो करंट थेट बॅटरीतून जातो. पाय कटरने स्क्रूलगत कापायचे आणि कापूस घालण्याआधी कमी वॉटवर कॉइल तापवून बघायची. ती मधून बाहेर सारखी लाल व्हायला हवी. एखादं वेढं आधी लाल झालं तर सिरॅमिक चिमट्याने हलकेच दाबायचं. मॉडमध्ये घालायच्या १८६५० मापाच्या बॅटरीचं प्लास्टिक आवरण फाटलं असेल तर ती वापरू नका, आणि सुटी बॅटरी किल्ल्यांच्या खिशात कधीच नको.

हे सगळं भारतातल्या वाचकांसाठी नाही, हेही स्पष्ट लिहितो. तिकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सुट्टीला पुण्याला जाताना मी मॉड आणि टँक इथेच ठेवून जातो, तुम्हीही बॅगेत घालू नका. आणि जे मुळात सिगारेट ओढत नाहीत त्यांनी या प्रकाराकडे वळू नये. ही वाट सिगारेट सुटण्यासाठी मला उपयोगी पडली. बिनसिगारेटच्या माणसाला तिच्यातून निकोटिनच्या सवयीखेरीज काही मिळणार नाही.

गुण द्यायचे झाले तर चवीला पैकीच्या पैकी, एअरफ्लोला जवळजवळ तेवढेच, स्क्रूंना शून्य. माझा हॉन्स्लोचा मावसभाऊ हाच टँक घ्यायचा म्हणतोय. त्याला म्हटलं घे, पण त्याच ऑर्डरबरोबर एम२ चे स्क्रू मागव, आणि मूळचे पहिल्या दिवशीच काढून पाकिटात ठेव, दुकानाशी भांडायची वेळ आली तर दाखवायला. माझा पुढचा टँक एवढ्यात नाही. रिळात अजून निम्म्याहून जास्त वायर आहे.