वेंधळ्यांच्या घरात चार टॅग: सहा महिन्यांनंतर

घराची तिसरी डुप्लिकेट चावी करून घेतली तेव्हा चावीवाल्याने हसून विचारलं, "ताई, घर भाड्याने देता काय?" त्याच रात्री चावी शोधून देणारे ब्लूटूथ टॅग मागवले. चारचा संच, अठराशे रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

टॅग म्हणजे कोटाच्या बटणाएवढी चकती. फोनमधल्या अ‍ॅपला जोडायची आणि तिला नाव द्यायचं. अ‍ॅप आपणहून 'कीज', 'वॉलेट' असं सुचवतं. चिरंजीव म्हणाले, वस्तूंची कशाला, हरवणाऱ्यांची नावं देऊ. तिथून खरी मजा सुरू झाली.

माझं माहेर कोल्हापूर, सासर नागपूर. त्यामुळे वेंधळ्यांना ठेवायच्या नावांचा घरात तुटवडा नाही. "खुळी झालीस व्हय गं?" ऐकतच मी मोठी झाले. सासूबाईंचा शब्द 'भैताड'. लग्नानंतर पहिले काही दिवस मला वाटायचं भैताड हे नात्यातलंच कुणीतरी असणार, इतकं ते रोज निघायचं. सासूबाई निवृत्त शिक्षिका. मुलाचा शर्ट कायम अर्धा बाहेर, म्हणून ह्यांनी त्याला 'अजागळ' सुचवलं, तर आजीने तिथल्या तिथे तास घेतला: अजा म्हणजे शेळी, तिच्या गळ्याशी जे दोन स्तन लोंबतात ना, ज्यांतून दूध येत नाही, तिथून हा शब्द. नातू म्हणाला, मग मला एका अक्षराचं 'ढ' चालेल. त्यावरही उत्तर तयार! ब्राह्मीपासून आजपर्यंत बाकीची अक्षरं बदलत गेली, ढ होता तसाच राहिला, म्हणून वर्गात पुढे न सरकणाऱ्याला ढ म्हणतात, असं त्या मुलांना सांगायच्या. शेवटी तो 'धांदरट' झाला. बरोबरच आहे. धांदरट घाईत पाणी सांडतो, वेंधळा भरलेला तांब्या हातात घेऊन तांब्या शोधतो. मी वेंधळी.

ह्यांच्या पाकिटाला एकमताने 'बावळट ध्यान'. इथे पहिला दोष कळला. नावाला दहाच अक्षरांची जागा, आणि अ‍ॅप काना, मात्रा, अगदी पाय मोडल्याची खूणसुद्धा वेगळी मोजतं. पडद्यावर उरलं 'बावळट ध्या'. चष्म्याशिवाय ते 'बावळट घ्या' असं दिसतं. हे चष्म्याशिवायच असतात. चष्म्याच्या डबीचा टॅग सासूबाईंचा. नाव काय द्यावं, कुणाची हिंमत होईना. "भैताड लिही ना बे, माह्याशिवाय कोणाचं हाय ते?" त्यांनीच सोडवलं.

आता काम कसं करतात ते. घरातल्या घरात उत्तम. अ‍ॅपवर बोट ठेवलं की टॅग टीऽटीऽ करतो, दोन खोल्यांपलीकडून ऐकू येतो. उलटही होतं: टॅगचं बटण दोनदा दाबलं की फोन वाजतो, सायलेंटवर असला तरी. मला याचाच जास्त उपयोग. पण जुलैत एका सकाळी चावी गायब. अ‍ॅप 'संपर्क तुटला' म्हणतंय, शेवटचं ठिकाण घरच दाखवतंय. पाऊण तास शोधलं, बँकेला उशीर झाला. चावी फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या पिशवीत. बाजारातून आल्यावर मीच ठेवली असणार. फ्रिजच्या पत्र्यातून ब्लूटूथ जेमतेम बाहेर येतं, आवाज तर दारातच मरतो. टॅगला बोल लावत नाही. पण खोक्यावर 'काहीही, कुठेही शोधा' छापलंय, त्याला लावते.

खरी तक्रार बॅटरीची. आत सीआर २०३२ सेल: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, म्हणून तो आकडा. 'एक वर्ष चालेल' म्हणणारा माझा टॅग चौथ्या महिन्यात संपला, तोही सूचना न देता. ग्राहकसेवेला लिहिलं तर उत्तर आलं की आधी बॅटरी कमी असल्याची सूचना तपासा. याला आमच्याकडे ट्यूबलाइट म्हणतात. सेल कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला, झाकण रुपयाच्या नाण्याने उघडतं. घरात लहान मूल असेल तर मात्र जपा. झाकण फार सहज निघतं आणि असला सेल गिळला तर अन्ननलिका भाजते, सरळ इस्पितळ गाठावं लागतं.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा कापलाय तो काना-मात्रांसाठी. धाकटा भाऊ दिवाळीला येतोय. मागच्या वर्षी आमच्याकडून निघताना स्वतःची बॅग विसरून ह्यांची घेऊन गेला होता. त्याच्यासाठी एक टॅग सुटा मागवलाय. 'येडबंबू' सात अक्षरांत बसतं, मोजून पाहिलंय.