सुपारी रुजवायची: वाळूत की पिशवीत?

कोकणात सुपारीचं रोप करायचं म्हणजे वाळूचा वाफा, हे ठरलेलं. फ्लॅटमध्ये वाफ्याऐवजी पसरट कुंडी घ्यायची. झाडावर पूर्ण पिकलेलं, केशरी झालेलं फळ सोलायचं नाही. सालासकट, देठाची बाजू वर ठेवून, दोन फळांत साधारण 5 सेंमी अंतर राखून उभं लावायचं आणि वरून जेमतेम झाकेल इतकी वाळू घालायची. रोज थोडं पाणी. साधारण दीड महिन्याने कोंब दिसू लागतात. तोवर मात्र आत काय चाललंय ते कळत नाही, आणि उकरून बघायचा मोह आवरत नाही. (मी उकरतो. उकरू नये.)

दुसरी रीत झिपवाल्या पिशवीची. भिजवून घट्ट पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यात बी, तोंड बंद, आणि पिशवी उबदार सावलीत. पाणी घालायची कटकट नाही, मूळ फुटलेलं बाहेरूनच दिसतं. पण सुपारीचं रसाळ साल बंद पिशवीत हमखास बुरशी धरतं. कोकोपीट पिळायला आळस केलात तर बी कुजलंच.

म्हणून सुपारीला माझं मत वाळूलाच. पिशवी शोभते ती दिवाणखान्यातल्या अरेका पामच्या बारक्या बियांना. सुपारीचं शास्त्रीय नावही अरेकाच, पण हे झाड वेगळं, मूळचं मादागास्करचं. त्याचा गर धुऊन काढायचा, बी दिवसभर पाण्यात ठेवायचं, मग पिशवीत. मूळ दिसलं की लगेच कुंडीत हलवा. लांबलं की सोडवताना तुटतं.