हँक लुइसेटीवरील श्राव्यमालिका : खेळ स्पष्ट ऐकू येतो, माणूस घाईत उरकला जातो

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सुरुवातीच्या काळातील खेळाडू हँक लुइसेटी याच्या आयुष्यावरील सहा भागांची श्राव्यमालिका मी एका सशुल्क ऑडिओ सेवेवर दोन संध्याकाळींत ऐकून संपवली. वर्गणी वाया गेली असे म्हणणार नाही. तक्रार आहे ती शेवटच्या दोन भागांविषयी.

मालिकेतील दुसरा आणि तिसरा भाग सर्वांत सरस आहेत. दोन्ही पाय जमिनीवर रोवून दोन्ही हातांनी चेंडू फेकणे हीच त्या काळी शिस्त समजली जात असे, पण सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेला, स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून खेळणारा हा मुलगा धावता धावता एका हाताने चेंडू टाकत असे. हा फरक निवेदकाने आवाजातून दाखवला आहे: आधी लाकडी फरशीवर बूट थांबल्याचा आवाज, मग क्षणभर शांतता, मग चेंडू, लुइसेटीच्या वेळी मात्र मधली शांतताच गायब. 30 डिसेंबर 1936 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्टॅनफर्डने लाँग आयलंड विद्यापीठाला 45-31 असे हरवून त्यांची सलग 43 विजयांची घोडदौड रोखली, तो सामना त्यामुळे अक्षरशः डोळ्यांसमोर उभा राहतो. (त्यातच चेंडू फेकण्याची मुदत संपल्याचा भोंगा वाजतो! पुरुषांच्या महाविद्यालयीन सामन्यांत ते घड्याळ 1985 मध्ये आले.)

चौथ्या भागात 1 जानेवारी 1938 रोजी त्याने डुकेन विद्यापीठाविरुद्ध केलेल्या 50 गुणांचे कौतुक भरपूर आहे. तथापि, प्रत्येक बास्केटनंतर खेळ थांबवून मध्यभागी पुन्हा जंप बॉल (पंचाने दोन प्रतिस्पर्ध्यांमध्ये चेंडू वर उडवणे) घेण्याचा नियम त्याच हंगामापासून रद्द झाला होता आणि त्यामुळे खेळाला वेग आला होता, हे सांगायचे राहूनच गेले आहे. ते न कळता नवख्या श्रोत्याला त्या आकड्याची पार्श्वभूमी कशी समजणार?

पुढे तर नुसती घाई आहे. चित्रपटात काम केल्यामुळे हौशी खेळाडूंच्या संघटनेने त्याच्यावर घातलेली बंदी, नौदलात असताना 1944 मध्ये झालेला मेंदूज्वर आणि त्यानंतर डॉक्टरांनी खेळण्यास केलेली मनाई, हे सारे काही मिनिटांत आटोपले आहे. पुढे एनबीए म्हणून ओळखली जाणारी व्यावसायिक बास्केटबॉलची लीग 1946 मध्ये, म्हणजे त्याच्या आजारपणानंतर अवघ्या दोन वर्षांनी स्थापन झाली, याचा साधा उल्लेखही नाही. लुइसेटी 2002 पर्यंत जगला. खेळ सुटल्यानंतरच्या त्या 58 वर्षांपेक्षा अधिक वेळ शेवटच्या भागात पुढील मालिकेच्या जाहिरातीला मिळाला आहे.