रोमन अंकांचा प्रोग्राम: वजाबाकीचा तक्ता की एकक-दशकाच्या याद्या?

१ ते ३९९९ मधली संख्या घ्या आणि रोमन अंकांत छापा. लातूरला सी आणि पायथन शिकवताना दर बॅचला हा प्रोग्राम येतो आणि प्रश्नही ठरलेला, "सर, कोणत्या पद्धतीनं लिहू?" मी दोन्ही पद्धती १९४८ वर चालवून दाखवतो. मुक्तिसंग्रामाचं साल मराठवाड्यातल्या पोरांना सांगावं लागत नाही, आणि त्यात ९०० आहे, ४० आहे, ८ आहे. अवघड जागा एकाच संख्येत सापडतात.

वजाबाकीच्या पद्धतीत तेरा जोड्यांचा तक्ता लागतो, मोठ्याकडून लहानाकडे: १००० ला एम, ९०० ला सीएम, ५०० ला डी, ४०० ला सीडी, असं उतरत ५ ला व्ही, ४ ला आयव्ही, १ ला आय. १९४८ मधून १००० गेले, एम लिहा. ९४८ मधून ९०० गेले, सीएम. उरलेल्या ४८ मधून ४० गेले, एक्सएल. ८ मधून ५ गेले, व्ही. मग तीनदा आय. दुकानदार गल्ल्यातून सुट्टे काढतो तसंच: आधी मोठी नोट, मग लहान.

दुसऱ्या पद्धतीत हजार, शतक, दशक, एकक अशा चार याद्या. १९४८ चे अंक सुटे करायचे आणि प्रत्येक यादीतून त्या-त्या जागचं उचलायचं: एम, सीएम, एक्सएल, व्हीआयआयआय. लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड, लागतच नाही. चौथीत शिकलेली स्थानिक किंमत इथं थेट कामाला येते. पण टाइप करायला चौतीस घरं, आणि शून्याच्या जागी रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) ठेवायची राहिली की सगळी यादी एका घरानं सरकते. उत्तर येतं, पण चुकीचं. बहुतेक वेळा प्रोग्राम काही तक्रार करत नाही.

तक्त्याची चूक मात्र लपत नाही. एका मुलीनं जोड्या उलट्या, १ पासून वर लिहिल्या होत्या. १९४८ दिल्याबरोबर स्क्रीनभर आय, आय, आय. तिनं स्वतःच पाहिलं आणि स्वतःच क्रम फिरवला.

आपल्या मुलांची खरी गडबड होते ४९ ला. आपण म्हणतो एकोणपन्नास, म्हणजे पन्नासात एक उणा. म्हणून हात आपोआप आय-एल लिहितो. लॅटिनमध्येही एकोणिसाला 'विसात एक कमी' अशाच अर्थाचा शब्द होता. पण आज शिकवल्या जाणाऱ्या नियमात आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी येतो, म्हणून ४९ म्हणजे चाळीस आणि नऊ: एक्सएल-आयएक्स. इथं दोन्ही पद्धती सारख्याच भरवशाच्या, कारण उणे करायच्या सहा जोड्या आधीच डेटात लिहिलेल्या असतात. फक्त सात अक्षरं घेऊन बाकीचं इफ-एल्सनं सांभाळायला जाल तर ४, ९, ४०, ९० प्रत्येकासाठी वेगळी अट घालत बसाल. ती वाट धरूच नका.

मग निवडायचं काय? तोंडी परीक्षा किंवा इंटरव्ह्यू असेल तर तक्ता घ्या. तेरा जोड्या, एक लूप, आणि कागदावर ड्राय रन, म्हणजे प्रोग्रामची एकेक पायरी हातानं चालवून, दाखवता येतो. व्हाइल लूप अजून नीट बसलेला नसेल तर याद्यांपासून सुरुवात करा, त्यात कमीपणा नाही. वेगाचा विचार इथं सोडून द्या. सगळ्यात लांब उत्तर ३८८८ चं, तेही १५ अक्षरांचं. सीवाल्यांनी तो आकडा लक्षात ठेवावा, मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या नल कॅरेक्टरसह अ‍ॅरे किमान १६ चा हवा.

कोणतीही पद्धत घेतली तरी सबमिट करण्याआधी ४, ४९, ९०० आणि ३९९९ टाकून बघा. २००० पण टाका. याद्यांमधलं रिकामं घर तिथंच उघडं पडतं.