उन्हाळ्यात स्पोर्ट्‌स कार तापते: पैसे रेडिएटरवर घालायचे, ऑइल कूलरवर की हवेच्या वाटेवर?

हिवाळ्यात निमूट चालणारी गाडी उन्हाळा लागताच तापायला लागली, म्हणजे तिच्यात काही बिघडलंच असं नाही. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे कूलंट (इंजिनातली उष्णता वाहून नेणारा द्रव) आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट १०० अंशांवर आणि हवा २० वर असेल तर फरक ८० चा. हवा ४० वर गेली की उरतो ६०. रेडिएटर तोच, फॅन तोच, कूलंटही तेच, आणि क्षमता पाव हिश्श्याने कमी. साध्या गाडीत कारखान्याने एवढी शिल्लक ठेवलेली असते, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. स्पोर्ट्‌स कारमध्ये मात्र इंजिन ताकदीचं, नाक बुटकं आणि त्या नाकात एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा), रेडिएटर एकामागे एक कोंबलेले. शिल्लक आधीच थोडी.

यावर बाजारात उपाय पुष्कळ आहेत: जाड अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर, कमी तापमानाचा थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप), ताकदवान फॅन, ऑइल कूलर, पाणीविरहित कूलंट, बॉनेटला जाळ्या. सगळे ‘गाडी थंड ठेवतो’ म्हणून विकले जातात, पण प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे. तुमचं दुखणं कोणतं, ते आधी कळायला हवं.

काटा नव्हे, आकडा बघा

डॅशबोर्डवरचा काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. कूलंट ८५ असो वा १०५, काटा मधोमध. माझदा आरएक्स-७ च्या तिसऱ्या पिढीचा, म्हणजे एफडीचा, काटा यासाठी कुप्रसिद्ध आहे: तो मध्यरेषा सोडतो तेव्हा रोटरी इंजिनाच्या सीलचं जे व्हायचं ते बहुधा होऊन गेलेलं असतं. गाडीला ओबीडी सॉकेट (गाडीच्या संगणकाची माहिती वाचायची जोडणी) असेल तर स्वस्तातला रीडर लावून खरे अंश बघा. जुनी गाडी असेल तर वेगळा गेज बसवा. तुलनेतली ही सगळ्यांत स्वस्त वस्तू आहे आणि बाकी कुठल्याही खर्चाच्या आधी हीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

आकडा दिसायला लागला की एकच बघायचं: तापतं केव्हा?

सिग्नलला, कोंडीत, एसी चालू असताना चढतं आणि गाडी पळायला लागली की उतरतं, तर दोष फॅनच्या बाजूला. उलट, मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० च्या पुढे चढत जातं, तर एक तर हवा रेडिएटरमधून जात नाही किंवा कूलंट नीट फिरत नाही. आणि कूलंट बराच वेळ ठीक असतं, पण ट्रॅकवर काही लॅप झाल्यावर किंवा लांब घाट चढताना तेलाचं तापमान वर जातं आणि मागोमाग सगळंच जातं, तर तो तेलाचा प्रश्न. तिन्हींवरचे उपाय एकमेकांच्या कामाचे नाहीत. कोंडीत तापणाऱ्या गाडीला ऑइल कूलर लावून काही साधत नाही.

थर्मोस्टॅट विरुद्ध मोठा रेडिएटर

थर्मोस्टॅट स्वस्त, बसवायला सोपा, म्हणून पहिला हात त्याच्याकडेच जातो. पण तो फक्त किमान तापमान ठरवतो. ९० ऐवजी ८२ ला उघडणारा बसवला तर आरामात चालवताना गाडी ८ अंश थंड दिसेल. उन्हात जोर लावला की दोन्ही थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेलेच असतात, आणि तिथून पुढे रेडिएटरच्या कुवतीपलीकडे काही होत नाही. घाट चढायला लागताना ८ अंशांची सवलत मिळते, एवढंच. त्यापेक्षा खाली, ७० च्या आसपास उघडणारा तर बसवूच नका. इंजिन पूर्ण तापलंच नाही असं ईसीयू (इंजिनाचा संगणक) समजतो आणि जास्त पेट्रोल सोडत राहतो, तेलातली वाफ उडत नाही, झीज वाढते.

थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्लाही हमखास मिळतो. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की काही कूलंट रेडिएटरला न शिवता तसंच इंजिनात परत जातं. थंड करायला निघालात आणि गाडी जास्त तापली, असंही होऊ शकतं.

मोठा रेडिएटर कमाल क्षमता खरोखर वाढवतो. मात्र ‘मोठा’ म्हणजे समोरून क्षेत्रफळाने मोठा. बाजारात मिळतो तो बहुतेक वेळा फक्त जाड असतो, कारण जागा तेवढीच असते. जाड गाभ्यातून हवा ढकलायला जास्त जोर लागतो. वेगात तो जोर मिळतो, कोंडीत मूळ फॅनला तो झेपत नाही. म्हणून जाड रेडिएटर हा वेगात तापणाऱ्या गाडीचा उपाय, तोही हवेची वाट नीट केल्यानंतरचा. मूळ रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या जुन्या होऊन तडकायला आल्या असतील तर मात्र पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा घ्यायला तेवढं एक कारण पुरे.

हवेची वाट: कमी खर्च, सर्वांत जास्त दुर्लक्ष

बंपरच्या तोंडातून आत शिरलेली हवा रेडिएटरमधूनच जाईल असं आपण गृहीत धरतो. तिला पातळ पट्ट्यांच्या (फिन्सच्या) दाट जाळीतून जायची हौस नसते. बाजूला दोन बोटांची फट मिळाली तर ती तिथूनच जाते. टॉर्च घ्या, नाकासमोर बसा आणि रेडिएटरच्या चारी कडा बघा. कारखान्याने लावलेल्या फोमच्या पट्ट्या जुन्या गाडीत भुगा झालेल्या असतात, किंवा पुढचा भाग दुरुस्त करताना कुणी परत लावलेल्याच नसतात. नवा फोम आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापून केलेला डक्ट एवढ्यावर काम भागतं.

मग कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली जागा बघा. समोरून सगळं स्वच्छ दिसतं. कंडेन्सर दोन बोटं पुढे सरकवला की आत पानं, पिसं, किडे आणि धुळीचा नमद्यासारखा थर जमलेला निघतो. पंपाच्या प्रेशरने पाणी मारू नका, फिन्स वाकतात. मागून पुढे, साध्या नळीने धुवा. पोर्शे ९११ सारख्या गाड्यांत इंजिन मागे असलं तरी, पाण्याने थंड होणाऱ्या ९९६ पिढीपासून, रेडिएटर पुढच्या चाकांसमोर बंपरच्या कोपऱ्यांत असतात. तिथे पालापाचोळा साचणं हे जवळपास नेमाचंच.

इंजिनाखालचा प्लॅस्टिकचा ट्रे हा तिसरा संशयित. ऑइल बदलताना तो काढला जातो, स्क्रू हरवतात, आणि ‘उलट हवा लागेल’ म्हणून परत लावलाच जात नाही. होतं विपरीत. हवा रेडिएटरमधून जाण्यासाठी त्याच्या मागे दाब कमी असावा लागतो. ट्रे नसला की खालची हवा इंजिनाच्या खोलीत घुसते, मागचा दाब वाढतो आणि समोरून येणारी हवा अडते.

बॉनेटच्या जाळ्यांचंही तेच शास्त्र. बॉनेटच्या पुढच्या भागावर वेगात दाब कमी असतो, तिथली जाळी गरम हवा ओढून बाहेर काढते. काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो. म्हणून बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून फट ठेवायची युक्ती उभ्या गाडीत चालते, वेगात मात्र त्याच फटीतून हवा आत येऊ शकते. दिसायला रुबाबदार असली तरी जागा चुकलेली जाळी पैसे वाया घालवते.

फॅनचं थोडक्यात. ताशी ६० च्या आसपास आणि वर, समोरून येणारी हवाच काम करते, फॅन त्याखालचा. इंजिन चालू ठेवून, फॅन फिरत असताना रेडिएटरसमोरच्या जाळीवर कागद धरा. कागद चिकटून राहिला नाही तर फॅन, त्याचा रिले (फॅनचा विजेचा स्विच) किंवा श्राउड (फॅनभोवतीचं आवरण) तपासा. नव्या फॅनच्या वायरी उलट जोडल्या गेल्याने तो हवा पुढे फेकतोय, हेही गॅरेजमध्ये सापडतं. श्राउडशिवाय लावलेला महागडा फॅन फक्त आपल्यासमोरचं वर्तुळ थंड करतो. आणि पूर्ण बंद श्राउड वेगात हवा अडवतं, म्हणून चांगल्या श्राउडला रबरी झडपा असतात.

कूलंट: तीन पर्याय, एक निर्णय

उष्णता वाहून न्यायला साध्या पाण्याइतकं चांगलं काही नाही. अर्धं पाणी अर्धं ग्लायकॉल हे मिश्रण दहा-पंधरा टक्के कमी उष्णता वाहतं, पण उकळायला उशीर लावतं: रेडिएटरच्या १ बार दाबाच्या कॅपखाली पाणी सुमारे १२० अंशांवर उकळतं, ते मिश्रण १३० च्या जवळ. शिवाय गंज रोखणारी द्रव्यं त्यातच असतात. फक्त पाणी घातलं तर गंजरोधक वेगळं घालावं लागतं, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम खातं. ट्रॅकवर मात्र पाणी आणि गंजरोधक हाच पर्याय बऱ्याचदा सक्तीचा असतो, कारण सांडलेलं ग्लायकॉल निसरडं असतं आणि अनेक स्पर्धांत ते चालत नाही.

पाणीविरहित कूलंट १८० अंशांपलीकडे उकळतं, दाब जवळजवळ तयार होत नाही, हे खरं. पण ते पाण्यापेक्षा बरीच कमी उष्णता वाहतं. म्हणजे उकळणार नाही, पण इंजिनाचं हेड जास्त गरम राहील. क्वचित चालणाऱ्या, जपून ठेवलेल्या जुन्या गाडीला ते शोभतं. रोज जोरात चालवायच्या गाडीत मी ते घालणार नाही. रस्त्यावरच्या गाडीला अर्धं-अर्धं मिश्रण, नवी कॅप आणि आतली हवा नीट काढणं, एवढं पुरे. कॅपची स्प्रिंग थकली की दाब टिकत नाही आणि उकळबिंदू घसरतो. गरम गाडीची कॅप कधीही उघडायची नाही, हे सांगायला नको.

ऑइल कूलर: ज्याला हवा त्याला खरंच हवा

तेल १०० ते १२० अंशांत सुखी असतं. १३० च्या वर सतत राहायला लागलं की जोर कमी करावा. तेल कूलंटपेक्षा उशिरा तापतं आणि उशिराच निवतं, म्हणून रोजच्या वापरात त्याचा प्रश्न क्वचितच येतो आणि ट्रॅकवर नेमका येतो. यात दोन जाती. कूलंटने तेल थंड करणारा छोटा एक्स्चेंजर गाडी सुरू करताना तेल लवकर तापवतोही, पण तेलाची उष्णता शेवटी त्याच रेडिएटरवर टाकतो, जो आधीच दमलेला असतो. हवेने थंड होणारा कूलर वेगळा भार वेगळीकडे नेतो, पण त्याला जागा, हवा आणि बिनगळतीच्या नळ्या लागतात. दुसरा घेतलात तर ८०-९० अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट असलेली प्लेटच घ्या. नाहीतर थंड सकाळी तेल तापणारच नाही.

कारखाने स्वतः काय करतात ते बघण्यासारखं आहे. होंडाने सिव्हिक टाइप आरला २०२० मध्ये समोरचं हवेचं तोंड १३ टक्क्यांनी मोठं केलं आणि रेडिएटरचा गाभा सुधारला. तोंड मोठं केल्याने पुढचा डाउनफोर्स (गाडीला रस्त्यावर दाबणारा हवेचा जोर) थोडा घटला, तो भरून काढायला बंपरखालचा एअर डॅम (हवा अडवणारी पट्टी) खोल केला. शेव्हरोलेने कॉर्व्हेट झेड०६ ला २०१७ साठी मोठ्या जाळ्यांचं बॉनेट दिलं. फोर्डने मस्टँग जीटी३५० च्या सुरुवातीच्या साध्या आवृत्त्यांत न दिलेले इंजिन ऑइल, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे कूलर २०१७ पासून सगळ्यांनाच दिले. तिघांपैकी कुणीही थर्मोस्टॅट बदलून सुटका करून घेतली नाही.

मग कुणी काय घ्यावं

गाडी फक्त रस्त्यावर चालते आणि कोंडीत तापते: सफाई, फोम, कागदाची परीक्षा, नवी कॅप. तरी चढलं तर श्राउडसकट फॅन. रेडिएटरला हात लावू नका.

मोकळ्या रस्त्यावर वेगात तापते: ट्रे आणि डक्ट आधी, मग वॉटर पंप आणि आतून तुंबलेला रेडिएटर तपासणे. कूलंटची पातळी कारणाशिवाय कमी होत असेल तर हेड गॅस्केटची (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची) चाचणी करा. कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू आहे का, ते चाचणीचा निळा द्रव पिवळा पडतो की नाही यावरून कळतं. ती गळती असेल तर वरचे सगळे खर्च फुकट. इथवर सगळं ठीक निघालं, तरच जाड रेडिएटर.

ट्रॅकवर नियमित जाता: हवेचा ऑइल कूलर पहिला, रेडिएटर दुसरा. आणि शेवटचा लॅप सावकाश. टर्बो असेल तर हे जास्तच खरं, कारण बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्याक्षणी कूलंट थांबतं आणि टर्बोची उष्णता आहे तिथेच साचते.

वाटेतच चढायला लागलं तर एसी बंद, हीटर पूर्ण, काचा खाली. हीटरचा गाभा हाही एक छोटा रेडिएटरच आहे. उकाड्याने जीव नकोसा होईल, पण आकडा तीन-चार अंश उतरला तरी कडेला थांबायची जागा गाठता येते.

अजून गाडीच घ्यायची असेल, तर जुनी बघताना मॉडेलचं वर्ष आणि कूलरचं पॅकेज नीट विचारा. नंतर सगळे कूलर वेगळे बसवण्यापेक्षा ते कारखान्यातूनच आलेली गाडी थोडी महाग पडली तरी परवडते.