सात महिने दान्तेच्या नरकात: एका थ्रिलरवरचा आमच्या वाचनगटाचा अनुभव

डॅन ब्राऊनची थ्रिलर कादंबरी 'इन्फर्नो' (२०१३) मी पूर्वी ठाणे-वाशी लोकलमध्ये चार दिवसांत संपवली होती आणि महिन्याभरात विसरूनही गेले होते. त्यामुळे नौपाड्यातल्या आमच्या नऊ जणांच्या गटाने तेच पुस्तक घ्यायचं ठरवलं तेव्हा मी नाखूशच होते. त्याला आता सात महिने झाले. गणपतीतली एक बैठक बुडाली, बाकी दर दुसऱ्या रविवारी सकाळी नेमाने भेटलो.

दर बैठकीला कादंबरीची आठ-दहा प्रकरणं (ती दोन-चार पानांचीच असतात) आणि जोडीला ती ज्यावर बेतलीय त्या, इटालियन कवी दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या मूळ काव्याच्या नरकावरच्या पहिल्या भागातला एखादा सर्ग. लाँगफेलोचं इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट मिळतं. भाषा जड आहे, म्हणून एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मराठीत अर्थ सांगायचा.

याचा खरा फायदा कळला तो नकाशाच्या कोड्यापाशी. कादंबरीत चित्रकार बोत्तिचेल्लीने काढलेल्या दान्तेच्या नरकाच्या चित्रात कुणीतरी फेरफार केलाय, नरकाच्या आठव्या वर्तुळातल्या दहा खंदकांची अदलाबदल करून प्रत्येकावर एकेक अक्षर लिहिलंय. एकटीने वाचताना मी 'नायक लँग्डन सोडवेल' म्हणत पान उलटलं होतं. या वेळी मूळ काव्यातला क्रम आम्हाला माहीत होता: आधी फूस लावणारे, मग विष्ठेत बुडालेले खुशमस्करे, चौथ्यात मान उलटी फिरलेले भविष्यवेत्ते. खंदक जागच्या जागी लावले आणि 'चेर्का त्रोवा' ही अक्षरं आमची आम्हाला सापडली. शोध, म्हणजे सापडेल. फ्लॉरेन्सच्या पलाझ्झो वेक्यिओ या जुन्या राजवाड्यात चित्रकार वसारीच्या युद्धचित्रात हे शब्द खरोखरच आहेत.

सर्वात जास्त वाद झाला तो पुस्तकाच्या सुरुवातीलाच दिलेल्या वाक्यावर. नैतिक पेचाच्या वेळी तटस्थ राहणाऱ्यांसाठी नरकातली सर्वात काळोखी जागा राखून ठेवलेली असते, अशा अर्थाचं ते वाक्य. ते दान्तेच्या नावावर जगभर फिरतं. आम्ही तिसरा सर्ग उघडला तर वेगळंच! कुठलीच बाजू न घेणारे तिथे नरकाच्या आतही नाहीत. ते अलीकडच्या उंबऱ्यावर एका झेंड्यामागे धावत राहतात, गांधीलमाश्या त्यांना डसत राहतात. स्वर्ग त्यांना घेत नाही आणि नरकही. तळाशी आहेत ते विश्वासघातकी, तेही आगीत नव्हे, बर्फात. मला दान्तेची शिक्षा कितीतरी जास्त भयंकर वाटते. घरी परतताना मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर आम्ही तिघी तासभर त्यावरच बोलत बसलो होतो.

गटातले निवृत्त शिक्षक काका एकदा सहज म्हणाले, "अगं, हा तर आपल्या माउलींचा समकालीन." खरंच की! दान्तेचा जन्म १२६५ चा, ज्ञानेश्वरांचा १२७५ चा. ज्ञानेश्वरी १२९० ची, दान्तेचं काव्य त्यानंतर काही वर्षांनी सुरू झालेलं. एकाने संस्कृतऐवजी मराठी निवडली, दुसऱ्याने लॅटिनऐवजी फ्लॉरेन्सची बोली. त्या रविवारी कादंबरी बाजूलाच राहिली. काकांनी ओवी म्हणून दाखवली, पहिल्या तीन चरणांचं यमक आणि चौथा आखूड. मग आम्ही दान्तेच्या तीन-तीन ओळींच्या साखळीत यमक पुढच्या कडव्यात कसं ओवलं जातं ते बोटांवर मोजत बसलो.

आता खटकलेलं. फ्लॉरेन्समधल्या बोबोली बागेपासून वसारीने बांधलेल्या आच्छादित मार्गापर्यंतचा पाठलाग मध्येमध्ये टूर गाइडसारखा होतो. इमारतीची माहिती संपेपर्यंत जिवावरचं संकट जणू थांबून राहतं. गटातल्या दोघी तिथेच गळल्या, एकीला ऐरोलीहून येणंही जमेना. आणि दान्तेच्या नरकातली माणसं थांबून आपली कहाणी सांगतात, इथे थांबायला कुणालाच वेळ नाही. ती उणीव मला शेवटपर्यंत जाणवली.

तुमच्या गटात घेणार असाल तर २०१६ चा चित्रपट आधी बघू नका, त्यात शेवट बदललाय. कादंबरीच्या शेवटावर मात्र दोन बैठका राखून ठेवा, आम्हाला एक पुरली नाही.

उरलेल्या सात जणांनी आता थ्रिलर मिटवून दान्तेच्या काव्याचा दुसरा भाग घेतलाय, ३३ सर्गांचा. येत्या रविवारी तिसरा सर्ग, आणि वाचायची पाळी माझी आहे.