दहा टनी हात-प्रेस: डोकं बसवायला झकास, पट्टी वाकवायला आंधळी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या छोट्या वर्कशॉपसाठी हातपंपाची, स्प्रिंग रिटर्नची ही बेंच प्रेस मापाची आहे. फ्रेम दणकट, रॅम (तेलाच्या दाबाने खाली येणारा दट्ट्या) सरळ उतरतो. खोट आहे ती गेजमध्ये, म्हणजे तेलाचा दाब दाखवणाऱ्या घड्याळात.

रॅमचा व्यास 45 मिमी, म्हणजे क्षेत्रफळ 15.9 चौ. सेमी. गेजवरच्या आकड्याला (किलो प्रति चौ. सेमी) 15.9 ने गुणलं की जोर किलोत मिळतो. आता मागाच्या ब्रॅकेटची एमएस (साधं पोलाद) पट्टी वाकवायला घ्या, 25 मिमी रुंद, 2 मिमी जाड. व्ही-डायचं (पट्टी ज्यात दाबून वाकवतात त्या व्ही आकाराच्या खाचेचं) तोंड जाडीच्या आठपट, 16 मिमी. 1.33 (वाकवण्याचा गुणक) × 400 (ताणशक्ती, न्यूटन प्रति चौ. मिमी) × 25 × 2 × 2 ÷ 16 = 3,325 न्यूटन, साधारण 340 किलो. गेजवर हे दिसणार जेमतेम 21! सातशेच्या डायलवर वीस-वीसची घरं, त्यामुळे काटा एकच घर हलतो. वर गेज 1.6 क्लासचं, म्हणजे पूर्ण डायलच्या 1.6 टक्के चूक, 11 इकडेतिकडे, जोरात मोजलं तर 178 किलो. निम्मं काम चुकीतच गेलं. परतीच्या स्प्रिंगचा जोरही त्याच आकड्यात मिसळतो. प्रेस रिकामी उतरवून तो आधी टिपून वजा करा.

जाडीचा वर्ग होतो, हे विसरू नका. पट्टी 2.2 मिमी भरली तर जोर 21 टक्क्यांनी वाढतो, म्हणून मायक्रोमीटर लावल्याशिवाय हिशेब मांडू नये. कोन पक्का बसवायला पट्टी डायच्या तळापर्यंत दाबली तर तीन ते पाचपट लागतो.

पिनचं डोकं बसवायला, म्हणजे दांड्याचं टोक दाबून पसरवायला, मात्र प्रेस उत्तम. इथे बहुतेक जण 6 मिमी दांड्याचंच क्षेत्रफळ धरतात आणि दीड-पावणेदोन टनांवर थांबतात, मग डोकं अर्धवट राहतं. जोर शेवटी पसरलेल्या 9 मिमी डोक्यावर लागतो: 63.6 चौ. मिमी × 600 न्यूटन प्रति चौ. मिमी (धातू पसरायला लागणारा दाब), आणि घर्षणाचे 15 टक्के वर. साडेचार टन. गेजवर 281, स्पष्ट वाचता येतं. डोकं 3 मिमी उंच हवं असेल तर दांडा 6.75 मिमी बाहेर ठेवा.

वाकवण्यासाठी 0–100 चं दुसरं गेज टी-जोडावर बसवा, पण कॉकसकट (बंद करायच्या तोटीसकट). डोकं बसवताना कॉक उघडा राहिला तर गेज गेलंच.